पोरीचं नाव टाकण्याआधी आणि नाव काढण्याआधी: मुलींच्या सरकारी माध्यमिक शाळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून संपत आला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात प्रवेशाचं टेबल लागतं आणि त्यामागे मी बसते. नागपूरच्या कडेला, जिथून ‘आपली बस’ ही शहरबस परत फिरते तिथली ही मुलींची सरकारी शाळा. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम. पालक कळमन्याच्या बाजारात हमाली करणारे, बांधकामावर जाणारे, एमआयडीसीत कंत्राटावर असलेले, घरकाम करणाऱ्या मायबहिणी. दरवर्षी तेच प्रश्न येतात. बरेच जण विचारायला संकोचतात आणि न विचारताच पोरीला घरी बसवतात, म्हणून सगळे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. जसे विचारले जातात, तशाच शब्दांत.

मॅडम, फी किती लागते?

काहीच नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत महाराष्ट्रातल्या मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. प्रवेशाच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका, थेट मुख्याध्यापकांकडे या.

म्हणजे दहावीपर्यंत खर्चच नाही का?

इथे मला खरं सांगायला हवं. आठवीपर्यंत खर्च नसल्यातच जमा आहे. पुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचा आहार मिळतो. नववीत पाय ठेवला की तिन्ही थांबतात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि पहिली ते आठवीपर्यंतच पोचतो. फी नववीतही लागत नाही, पण पुस्तकं, वह्या, गणवेश, पुढे बोर्डाच्या परीक्षेचं शुल्क हे सगळं एकदम घरावर येतं. नेमकं त्याच वयात पोरगी घरकामाला हात लावण्याएवढी, धाकट्या भावाला सांभाळण्याएवढी मोठी झालेली असते.

आठवीच्या निकालानंतर आमच्या हजेरीपटावरची नावं गळतात ती यामुळे. नापास होऊन शाळा सोडणाऱ्या मुली मी फार थोड्या पाहिल्या. नववीची पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटली म्हणून न आलेल्या मुली जास्त पाहिल्या. दहावी झालेल्या मुली पुस्तकं परत आणून देतात आणि आम्ही ती नववी-दहावीच्या मुलींना वापरायला देतो. पुरवून पुरवून वापरली तर बहुतेकींना मिळतात. गणवेशाचंही तसंच. मागासवर्गीय मुलींना दहावीचं परीक्षा शुल्क परत मिळण्याची सोय आहे, त्यासाठी जातीचा दाखला वेळेत द्या. पैशाची अडचण असेल तर वर्गशिक्षिकेला एकटीला गाठून सांगा. वर्गासमोर ते बोललं जाणार नाही.

नाव टाकाचं आहे, कागद काय काय लागते?

आधीच्या शाळेचा दाखला (आपण टीसी म्हणतो तो), मागच्या वर्गाचं गुणपत्रक, जन्माचा दाखला, फोटो आणि असेल तर आधार. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी लागतो, तो नंतर दिला तरी चालतं.

एखादा कागद नसेल तरी पोरीला घेऊन या. आठवीपर्यंत वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्यातच तसं आहे. आधार नाही म्हणूनही नाकारता येत नाही. सेतू केंद्रात उन्हाळ्यात गर्दी असते आणि कागदाची वाट पाहता पाहता पोळा येतो. तोपर्यंत पोरगी घरी राहू नये.

जुन्या शाळेची फी बाकी आहे. ते टीसी अडवून बसले.

हा प्रश्न दर जूनला निदान दहा जण विचारतात. खासगी इंग्रजी शाळेत दोन-चार वर्षं घालून, कर्ज काढून, शेवटी दमलेले पालक असतात. त्यांना वाटतं की बाकी चुकवल्याशिवाय पोरीला कुठेच नेता येणार नाही.

तसं नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये, हे शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. नववी-दहावीच्या बाबतीतही दाखल्यावाचून प्रवेश अडवू नये असं राज्य सरकारने २०२१ मध्ये ठरवलं आहे. तुम्ही अर्ज द्या, आम्ही मुलीला वर्गात बसवतो आणि दाखल्यासाठी त्या शाळेला आम्हीच पत्र पाठवतो. फीचा वाद तुमचा आणि त्यांचा. त्यात पोरीचं वर्ष जाऊ देऊ नका.

मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमधून आला असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन या. गावी परत जाणं जमत नसेल तर आधी इथे भेटा.

आमच्या घरी हिंदी बोलतात. पोरीला मराठी जमेल का?

जमेल. बालाघाट-शिवनीकडून आलेल्या मुली दिवाळीपर्यंत मैत्रिणींशी मराठीत भांडायला लागतात. लिहिताना मात्र वेळ लागतो. ‘ळ’ आणि ‘ण’ सुटतात, लिंग चुकतं. पहिले सहा महिने त्यासाठी तिला हसू नका आणि घरी हिंदी बोलणं बंदही करू नका. राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं झालं आहे, त्यामुळे शाळा बदलली तरी मराठीतून सुटका नाही. इथे ती बोलत बोलत शिकेल.

सरकारी शाळेत शिकवते तरी का?

शिकवतो. इथल्या शिक्षिका पदवी आणि बी.एड. झालेल्या आहेत. एका विषयाची जागा रिकामी राहिली की दुसऱ्या विषयाच्या शिक्षिकेला तो वर्ग सांभाळावा लागतो, हेही खरं आहे. गणित आणि इंग्रजीला याचा फटका जास्त बसतो. अशा वेळी पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला येऊन जागा भरण्याची मागणी लेखी नोंदवावी. शिक्षकांनी मागितलेल्या शिक्षिकेपेक्षा पालकांनी मागितलेली शिक्षिका लवकर मिळते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे नववीत येणाऱ्या काही मुलींना सलग वाचता येत नाही. त्या आळशी नसतात. घर बदललं, शाळा बदलली, मधली वर्षं वीटभट्टीवर किंवा गावी गेली, असं प्रत्येकीमागे काहीतरी असतं. अशा मुलींसाठी आम्ही शाळा भरायच्या आधी पाऊण तास वाचन घेतो. तुमच्या मुलीला त्यात बसवलं तर कमीपणा मानू नका. त्या पाऊण तासातून पुढे जाऊन नर्सिंगला लागलेली मुलगी मला रस्त्यात भेटते तेव्हा तिच्या आईपेक्षा मी जास्त बोलते.

फक्त मुलींचीच शाळा काहून? मुलांसोबत शिकू नये का?

शिकावं, त्यात काही वाईट नाही. पण काही घरांतून पोरगी आठवीपुढे बाहेर पडते ती फक्त ‘मुलींची शाळा आहे’ या एका वाक्यावर. त्या वाक्याला मी हलकं समजत नाही.

या शहराला मुलींच्या शाळेची मोठी परंपरा आहे आणि ती मुलींना सांगायला हवी. उमरेडला १८९२ मध्ये जन्मलेल्या जाईबाई चौधरी कामठी-नागपूरच्या बाजूला हमाली करत. डोक्यावर लोकांचं सामान वाहणाऱ्या या बाईला एका मिशनरी बाईंनी शिकवलं आणि शाळेत नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून इतर पालकांनी आपली मुलं काढून घेतली आणि ती नोकरी गेली. त्यानंतर १९२२ च्या सुमारास जाईबाईंनी नागपुरात चोखामेळा कन्या शाळा काढली. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बायांसमोर बोलले: मुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. ३ जानेवारीला आम्ही सावित्रीबाईंची जयंती करतो तेव्हा जाईबाईंचा फोटोही शेजारी ठेवतो. हमालांच्या मुली त्या फोटोकडे ज्या नजरेने पाहतात, ती पाहायला कधी तरी या.

शाळेची वेळ काय? उन्हाळ्यात काय करता?

एरवी सकाळी ११ ते ५, शनिवारी सकाळी. मार्चपासून सकाळची शाळा. विदर्भात उन्हाळी सुट्टी इतर महाराष्ट्रापेक्षा एक-दोन आठवडे उशिरा संपते, म्हणून मुंबई-पुण्याच्या बातम्या पाहून घाबरू नका, आपली शाळा जूनच्या शेवटीच उघडते. मार्च-एप्रिलमध्ये पोरीजवळ पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा हवाच, नाश्ता केल्याशिवाय पाठवू नका. प्रार्थनेत चक्कर येऊन पडणाऱ्या दहापैकी नऊ जणी उपाशी आलेल्या असतात.

पोळ्याला सुट्टी असते का?

पोळा, तान्हा पोळा आणि मारबतीच्या दिवसांत स्थानिक सुट्टी कधी आहे ते फळ्यावर लिहितो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गर्दी असते आणि बसचे मार्ग बदलतात, लांबून येणाऱ्या मुलींनी ते ध्यानात ठेवावं.

येणंजाणं कसं कराचं? रस्ता चांगला नाही.

शहरातून येणाऱ्या मुलींना आपली बस आणि मेट्रोत विद्यार्थी सवलत आहे. शाळेचं बोनाफाईड लागतं, ते मागितलं त्याच दिवशी देतो. खेड्यातून एसटीने येणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत प्रवास मोफत आहे. पास काढायला वेगळं डेपोत जाऊन रांगेत उभं राहायच्या आधी आम्हाला विचारा, एकत्र यादी दिली की काम लवकर होतं.

रस्त्याबद्दल म्हणाल तर दूरच्या वस्त्यांतल्या मुलींचे आम्ही गट करून देतो. चौघी-पाचजणी एका वेळी निघतात, एका वेळी पोचतात. एखाद्या पानठेल्यावर टोळकं बसत असेल तर मुलीने रस्ता बदलू नये, ठेला कुठला ते आम्हाला सांगावं. पोलीस ठाण्यात आम्ही जातो. पोरीला ‘तू खाली मान घालून ये’ असं सांगून सोडून देऊ नका.

खिचडी दहावीपर्यंत मिळते का?

नाही, प्रधानमंत्री पोषण योजनेचा आहार आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलीला रोज १५० ग्रॅम धान्याचा आहार ठरलेला आहे. नववी-दहावीच्या मुलींनी डबा आणावा. ज्यांना जमत नाही त्यांनी वर्गशिक्षिकेला सांगावं. कोण उपाशी आहे हे आम्हाला दिसतं, पण सांगितलं तर लवकर दिसतं.

पाळी आली तर शाळेत सोय आहे का?

आहे. संडासाला आतून कडी आहे, पाणी आहे, झाकणाची कचरापेटी आहे आणि पॅड शिक्षिकांच्या खोलीत ठेवलेले असतात. कारण न सांगता मागायचे. डाग पडला तर बदलायला एक जास्तीचा कुर्ता कपाटात आहे. पाणी बंद पडतं तेव्हा त्या चार दिवसांत अर्ध्या मुली येत नाहीत. म्हणून नळ दुरुस्तीचा अर्ज हा माझ्या मते अभ्यासाचाच अर्ज आहे आणि तो मी दुसऱ्या दिवशी पुन्हा देते.

आयांना एक विनंती. पहिली पाळी आली की शाळा बंद, किंवा लगेच मावशीकडे पाठवणं, असं करू नका. महिन्यातले चार-पाच दिवस घरी म्हणजे वर्षाचे पन्नास दिवस गेले. तेवढ्यात गणिताचा अर्धा भाग संपतो.

सोमवारी निळी गोळी देता, तिने मळमळते. नको म्हणून सांगू का?

ती लोहाची आणि फोलिक ॲसिडची गोळी आहे, आठवड्यातून एकदा. उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून आम्ही जेवणानंतर देतो. त्याने शौचाचा रंग काळपट होतो, घाबरू नका. चहासोबत घेऊ नये. जंताची गोळी वर्षातून दोनदा असते. एका गोष्टीत मात्र नको म्हणायलाच हवं, ती पुढच्या प्रश्नात आहे.

माझ्या पोरीला सिकलसेल आहे. शाळेत सांगावं का? मग तिला कोणी करेल का?

सांगा. हात जोडून सांगते, सांगा.

विदर्भात सिकलसेल घराघरांत आहे आणि तरी तो लपवला जातो, कारण आईच्या मनात शाळेच्या आधी लग्न येतं. ‘एएस’ म्हणजे वाहक. तिला सहसा काही त्रास होत नाही, ती सगळ्या मुलींसारखीच आहे. ‘एसएस’ म्हणजे आजार. तिच्या रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, दमछाक झाली की हा त्रास उठतो. आता आमच्याकडे पाहा. डिसेंबरच्या थंडीतली सकाळची प्रार्थना, मार्चचं ऊन, क्रीडा तासाची धावपळ, संडास टाळायचा म्हणून पाणी न पिणाऱ्या मुली. शाळेला माहीत नसेल तर आम्हीच नकळत तिचं दुखणं उठवतो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. वारंवार गैरहजर, आली की कोपऱ्यात. मी तिला कामचुकार समजले आणि एकदा सर्वांसमोर बोलले. महिन्याभराने तिच्या आजीने मला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक आईला एकटीला विचारते.

शाळेला माहीत असलं की तिला तासाला पाणी प्यायला आणि संडासाला विचारावं लागत नाही, थंडीत ती वर्गात बसून प्रार्थना करते, तिच्या सुट्ट्यांचा अभ्यास वेगळा करून घेतला जातो. सोमवारची लोहाची गोळी तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नसते. दुखणं उठलं की कोणाला फोन करायचा आणि मेडिकल, मेयो की डागा यांपैकी कोणत्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, हे आधीच ठरलेलं असतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या पेपरला तासाला २० मिनिटं जास्त मिळतात. प्रमाणपत्रासाठी नववीतच धावपळ सुरू करा, दहावीच्या दिवाळीनंतर उशीर होतो.

आणि ‘कोणी करेल का’ या प्रश्नाचं उत्तर: दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तपासणी मुलाचीही करायला सांगा. लपवून काही टळत नाही. शाळेत हे सगळ्या मुली विज्ञानाच्या तासाला शिकतात, कोणाचंही नाव न घेता.

लेक लाडकीचे पैसे माझ्या आठवीतल्या पोरीला मिळतील का?

नाही. ती योजना १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे घेत असेल तर तो फसवतो आहे.

मग आमच्या पोरीला कोणती शिष्यवृत्ती आहे?

सगळ्यात मोलाची एनएमएमएस, म्हणजे हुशार पण गरीब घरच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. तिची परीक्षा आठवीत होते आणि पालकांना ती जवळजवळ माहीतच नसते. पास होऊन यादीत आली तर नववी ते बारावी दर महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००, चार वर्षांत ४८,००० रुपये. पुस्तकं-गणवेश बंद होतात त्याच वर्षी ही रक्कम सुरू होते, म्हणून मी तिच्या मागे लागते. अट अशी: पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे.

पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न आणि दीड तास. एक बुद्धिमत्तेचा, एक सातवी-आठवीच्या अभ्यासाचा. बुद्धिमत्तेचा पेपर मुलींना पहिल्यांदा पाहिला की धडकी भरते, कारण तशी कोडी पुस्तकात नसतात. महिनाभर रोज वीस प्रश्न सोडवले की भीती जाते. आम्ही जुलैपासून शनिवारी तयारी घेतो, शनिवारी पोरीला लग्नाला नेऊ नका. शिष्यवृत्ती लागली तर दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं आणि बारावीपर्यंत चालू ठेवायला दहावीत ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५५) लागतात. बँक खातं मुलीच्या नावाचं, आधारशी जोडलेलं हवं. खातं बंद पडल्यामुळे पैसे परत गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

याशिवाय मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, सफाई कामगारांच्या मुलांसाठी वेगळी योजना आहे. मुलीचे वडील नसतील किंवा आई एकटी सांभाळत असेल तर बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. तो अर्ज शाळेत नाही, महिला व बालविकास कार्यालयात करायचा, पण लागणारं बोनाफाईड आणि अर्ज लिहिण्याची मदत इथे मिळेल.

नावात चूक आहे, जन्मतारीख चुकली आहे. दुरुस्त होते का?

होते, पण दहावीची परीक्षा देण्याआधी. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जे लिहिलं आहे तेच बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जातं आणि तेच आयुष्यभर मागे येतं. जन्माचा दाखला घेऊन मुख्याध्यापकांकडे अर्ज करा, पुढे तो शिक्षण विभागाकडे जातो. आठवीत केलात तर सगळं निवांत होतं. दहावीत बोर्डाकडून प्री-लिस्ट येते आणि मुली तिच्यावर सही करतात. सही करण्याआधी आपलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख एकेक अक्षर वाचायला त्यांना घरूनही सांगा.

जातीच्या दाखल्याला शाळेचं काहून लागते?

जुनी नोंद पुरावा म्हणून लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा किंवा जातीचा पुरावा पाहतात. तुमचे आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले तिथे जाऊन निर्गम उतारा मागा. चौथीत शाळा सोडलेल्या आजोबाचं रजिस्टरमधलं एक ओळीचं नाव नातीच्या कामी येतं.

बौद्ध कुटुंबांसाठी एक सूचना. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं की जातीचा रकाना कसा भरायचा, हे घरातल्या आधीच्या दाखल्याप्रमाणे ठरवा. भावाच्या दाखल्यावर एक आणि बहिणीच्या दाखल्यावर दुसरं असं झालं की पडताळणीत वर्षं जातात. नाव टाकताना घरातला एक जुना दाखला सोबत आणा.

शाळेत मोबाईल आणू देता का?

नाही. घरी निरोप द्यायचा असेल तर कार्यालयातून फोन करता येतो.

दहावीत गणितात नापास झाली तर?

तर जून-जुलैत पुन्हा परीक्षा आहे. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. काही आयटीआय ट्रेड दहावी नापास मुलींनाही घेतात. पण आधी पास होण्याचं बोलू.

गणित १०० गुणांचं: बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. पास व्हायला ३५. वह्या, गृहपाठ, चाचण्या नीट असलेल्या मुलीला अंतर्गत गुणांचा मोठा आधार असतो आणि तो आधार वर्गात हजर राहूनच मिळतो. टक्केवारी सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांची काढतात, म्हणून एका विषयाच्या भीतीने पाच सोडून देऊ नका. पेपर संपताना १० मिनिटं जास्त मिळतात, त्यात सगळ्या प्रश्नांचे क्रमांक तपासायचे. जानेवारीत आम्ही संध्याकाळी जास्तीचे वर्ग घेतो, तेव्हा घरून कोणी तरी घ्यायला या.

दहावीनंतर काय? घरची ऐपत नाही.

अकरावीचे प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन होतात. फॉर्म शाळेतूनच भरून देतो, बाहेर पैसे देऊ नका. आयटीआयत ३० टक्के जागा मुलींच्या आहेत. सदरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. लांबच्या मुलींसाठी शासकीय वसतिगृहं आहेत, अर्ज निकालानंतर लगेच करावा लागतो. ‘ऐपत नाही’ हे ठरवायच्या आधी गुणपत्रक घेऊन अर्धा तास बसा माझ्यासोबत.

कोणी त्रास दिला, अंगाला हात लावला, तर पोरीने कोणाला सांगावं?

ज्या शिक्षिकेवर तिचा विश्वास असेल तिला. तोंडाने सांगवत नसेल तर तक्रारपेटीत चिठ्ठी टाकावी. पेटी आठवड्याला उघडली जाते. मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो. ११२ पोलिसांचा.

पालकांनी हे समजून घ्यावं: अल्पवयीन मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे. घरच्यांनी ‘इज्जतीचा प्रश्न आहे’ म्हटलं तरी आम्हाला थांबता येत नाही. मुलीचं नाव कुठेही छापता किंवा सांगता येत नाही. तिचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकारी घेते, वर्दी न घालता, मुलीला बरं वाटेल त्या जागी. त्रास देणारा घरातला असेल, नात्यातला असेल, शाळेतला असेल, तरी हेच.

स्थळ चांगलं आलं आहे. सतरावं लागलं. दहावी काय, नंतरही देता येईल.

अक्षय तृतीयेच्या आधी हा प्रश्न येतो, बहुतेकदा वडील येतात, खाली मान घालून. मी त्यांना रागावत नाही. रस्त्याची भीती असते, हुंड्याची असते, पोरगी कोणाशी बोलताना दिसलेली असते.

पण १८ पूर्वी मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. २००६ च्या कायद्यात लग्न लावणारे, जमवणारे, हजर राहून साथ देणारे यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भटजी, भंतेजी, काझी, मंडपवाला, कोणीही सुटत नाही. १०९८ वर कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, आणि मुली स्वतः फोन करतात, हे मी पाहिलं आहे.

कायद्याच्या पलीकडे एक साधी गोष्ट सांगते. ‘नंतर देता येईल’ असं म्हणून गेलेल्या माझ्या मुलींपैकी किती जणींनी दहावी दिली ते मला बोटांवर मोजता येतं. सासरी दहावीचं पुस्तक उघडायला खोली नसते. पाहुण्यांना दोन वर्षं थांबायला सांगा. स्थळ खरंच चांगलं असेल तर थांबतं. सांगायची हिंमत होत नसेल तर मी येते घरी, मुख्याध्यापकांनाही घेऊन येते. आणि लग्न होऊन गेलं असेल तरी तिचं नाव शाळेतून कमी होत नाही. मंगळसूत्र घालून वर्गात बसलेली मुलगी आमच्याकडे होती आणि बाकीच्या मुलींनी तिला नीट सांभाळून घेतलं.

पोरगी चार महिने आली नाही. नाव कापलं असेल ना?

बहुतेक नाही. हजेरीपटावर नाव आहे की नाही ते एकदा येऊन पाहा. आईचं बाळंतपण, कापूस वेचणीला जाणं, आजारपण, कारण काहीही असो, आम्ही ‘आत्ता आलात’ म्हणणार नाही. आठवीपर्यंत तिला वयाप्रमाणे वर्गात बसवून मागचं भरून काढायचं, असं कायदाच सांगतो. नववी-दहावीत राहिलेल्या चाचण्या घेता येतात. दोन-तीन वर्षं गेली असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते आणि अशा मुलींना संध्याकाळच्या वर्गात बसू देतो, त्यांचं नाव आमच्या पटावर नसलं तरी.

सोमवार ते शुक्रवार, साडेदहा ते अकरा, मी व्हरांड्यातच असते. मोठं फाटक बंद दिसलं तर हातपंपाच्या बाजूचं छोटं दार उघडं असतं. पोरीला सोबत घेऊन या, दप्तर नसलं तरी चालेल.